पाणी फोडणारा कोबाल्ट

विजेरीचे दोन सेल, दोन्ही टोकांना तासलेल्या दोन पेन्सिली, थोडी तार आणि पेलाभर पाण्यात विरघळवलेला चमचाभर धुण्याचा सोडा एवढे साहित्य जमवा. पेन्सिलींची खालची टोके पाण्यात बुडू द्या आणि वरची टोके तारांनी एका सेलला जोडा. आता निरखून पाहा. फारसे काही घडत नाही. फार तर एखाददुसरा बुडबुडा शिशाला चिकटलेला दिसेल. मग एका सेलच्या जागी दोन सेल एकामागे एक जोडा. लगेच बुडबुडे सुरू होतात. सेलच्या ऋण टोकाला जोडलेल्या पेन्सिलीवर ते दाट येतात, तो हायड्रोजन. धन टोकाच्या पेन्सिलीवर विरळ येतात, तो ऑक्सिजन.

(प्रयोग उघड्या पेल्यातच करा आणि बुडबुड्यांजवळ काडी ओढू नका. सोड्याऐवजी मीठ घालू नका, कारण मग विषारी क्लोरीन वायू निघतो. पेन्सिलीऐवजी स्टीलचे चमचे वापरण्याचा मोह होईल, तोही टाळा. स्टीलमधले क्रोमियम घातक रूपात पाण्यात उतरू शकते. आणि भिंतीवरच्या विजेच्या प्लगला या प्रयोगात हात लावायचा नाही.)

गंमत पुढेच आहे. पुस्तकातल्या हिशेबाने पाणी फोडायला १.२३ व्होल्ट एवढा विद्युत् दाब पुरतो. विजेरीच्या एका सेलचा दाब असतो १.५ व्होल्ट. म्हणजे एक सेल पुरून उरायला हवा होता. तो का पुरला नाही? वरचा दाब कोण खातो? स्वच्छ इंधनाच्या शोधात असलेले जगभरचे रसायनशास्त्रज्ञ आज याच प्रश्नापाशी अडून बसले आहेत, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

मुळात पाणी फोडायचेच कशाला? पाणी ही हायड्रोजन जळून उरलेली राख आहे. हायड्रोजन जाळला की उष्णता मिळते आणि पाणी तयार होते. धूर नाही, कार्बन डाय-ऑक्साइड नाही. राखेपासून पुन्हा लाकूड करता येत नाही, पण पाण्यापासून पुन्हा हायड्रोजन करता येतो. मात्र जळताना जेवढी ऊर्जा बाहेर पडली तेवढी परत भरावी लागते. ही ऊर्जा सूर्यप्रकाशातून किंवा वाऱ्यातून घेता आली, तर ऊन आणि वारा टाकीत साठवल्यासारखेच झाले. आज मात्र कारखान्यांना लागणारा बहुतेक सगळा हायड्रोजन नैसर्गिक वायू आणि कोळसा यांपासून काढतात आणि त्यात भरपूर कार्बन डाय-ऑक्साइड हवेत जातो. खतासाठी लागणारा अमोनिया याच हायड्रोजनपासून होतो, तेव्हा हा प्रश्न आपल्या ताटापर्यंत येऊन पोचतो.

पाणी विजेने फुटते हे कळले १८०० साली. त्या वर्षी इटलीतल्या व्होल्टा यांच्या विद्युत् चितीची बातमी लंडनला पोचली आणि विल्यम निकोल्सन व अँथनी कार्लाइल या दोघांनी लगोलग तशी चिती उभी केली. तारेचा स्पर्श नीट व्हावा म्हणून त्यांनी वरच्या चकतीवर पाण्याचा थेंब टाकला, तर त्यात बुडबुडे दिसले. मग त्यांनी पितळेच्या तारा पाण्यात सोडून पाहिले. एका तारेवर हायड्रोजन आला, पण दुसऱ्या तारेवर ऑक्सिजन न येता ती तारच गंजू लागली. प्लॅटिनमच्या तारा घेतल्या तेव्हा कुठे दोन्हीकडे वायू मिळाले. म्हणजे ऑक्सिजनच्या बाजूचे अग्र टिकत नाही ही अडचण पहिल्याच प्रयोगात समोर आली होती. तुमच्या प्रयोगातही धन बाजूची पेन्सिल बराच वेळ चालवली तर तिचे टोक झिजून पाण्यात काळी भुकटी उतरलेली दिसेल.

चार पायऱ्यांचा घाट

पुण्याहून कोकणात उतरायचे तर घाटमाथा आणि पायथा यांच्या उंचीतला फरक ठरलेला असतो. पण वाट कुठल्या खिंडीतून जाते यावर आधी किती चढावे लागेल हे ठरते. रासायनिक क्रियांचेही तसेच आहे. १.२३ व्होल्ट हा दोन गावांच्या उंचीतला फरक झाला. त्याला इलाज नाही. वरचा दाब म्हणजे मधल्या खिंडीची चढण. उत्प्रेरक काय करतो, तर कमी उंचीची खिंड दाखवतो. तो गावांची उंची बदलत नाही आणि स्वतः खर्चही होत नाही, निदान व्याख्येप्रमाणे तरी होत नाही. हा ‘निदान’ शब्द लक्षात ठेवा.

हायड्रोजनच्या बाजूची चढण लहान आहे. दोन प्रोटॉन आणि दोन इलेक्ट्रॉन एकत्र आले की काम झाले. ऑक्सिजनच्या बाजूला मात्र पाण्याचे दोन रेणू पकडायचे, त्यांच्यातून चार प्रोटॉन आणि चार इलेक्ट्रॉन एकामागून एक काढून घ्यायचे आणि उरलेले दोन ऑक्सिजन अणू एकमेकांना जोडायचे. मध्येच कुठे गाडी थांबली, तर हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे दाहक पदार्थ तयार होऊन अग्राचीच खराबी करतात. म्हणून उत्प्रेरकाला चार इलेक्ट्रॉनांचा हिशेब सांभाळत, एकही पायरी न चुकता वर जावे लागते.

या चढणीची किंमत रुपयांत होते. एक किलो हायड्रोजन मिळवायला नऊ लिटर पाणी आणि किमान ३३ युनिट वीज लागते. प्रत्यक्ष यंत्रांत ५० ते ५५ युनिट जातात. दाब ०.१ व्होल्टने वाढला की किलोमागे सुमारे २.७ युनिट वीज जास्त लागते. हा हिशेब फॅराडे यांच्या नियमावरून अकरावीच्या मुलांना स्वतः करून पाहता येईल. कारखान्यातून लाखो टन हायड्रोजन काढायचा म्हटला तर ०.१ व्होल्ट ही क्षुल्लक गोष्ट राहत नाही.

हे अवघड काम एक कारागीर अब्जावधी वर्षे करीत आला आहे. प्रकाशसंश्लेषण करणारी प्रत्येक हिरवी वनस्पती पाणी फोडते आणि आपण श्वासात घेतो तो प्राणवायू तिथूनच येतो. १९६९ मध्ये फ्रान्समध्ये पिएर जोलिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंधारात ठेवलेल्या हरितद्रव्याच्या कणांवर प्रकाशाचे अगदी अल्पकाळ टिकणारे झोत एकामागून एक टाकले आणि प्रत्येक झोतानंतर किती ऑक्सिजन निघतो ते मोजले. तिसऱ्या झोताला भरघोस ऑक्सिजन आला. त्यानंतर दर चौथ्या झोताला पुन्हा आला. पान चारपर्यंत मोजते! बेसेल कोक यांनी १९७० मध्ये याचा अर्थ लावला. एकेका झोताबरोबर एकेक इलेक्ट्रॉन काढला जातो आणि चार झाले की ऑक्सिजनचा रेणू सुटतो. मोजणी तीनला का आली, तर अंधारातही एक पायरी आधीच चढलेली असते. हे मोजणारे यंत्र चार मँगॅनीज, एक कॅल्शियम आणि पाच ऑक्सिजन अणूंच्या एका वेड्यावाकड्या पेटीसारखे आहे. २०११ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने त्याची बारकाईने रचना काढली.

पण पानाचे खरे शहाणपण आणखी वेगळ्याच गोष्टीत आहे. पाणी फोडण्याच्या या आगीत त्या पेटीला धरून ठेवणारे प्रथिन सतत जळत असते. भर उन्हात सुमारे अर्ध्या तासाने ते निकामी होते. पान ते उपसून काढते आणि जागी नवे बसवते. न मोडणारे यंत्र करण्याच्या भानगडीत निसर्ग पडलेलाच नाही.

माणसाने मात्र न मोडणाऱ्या धातूचा शोध घेतला. आम्लयुक्त पटल वापरणाऱ्या आधुनिक यंत्रांत ऑक्सिजनच्या बाजूला इरिडियम लागते. ते तिथल्या आम्लात आणि दाबात टिकते. पण जगात वर्षाला इरिडियम मिळते अवघे सात-आठ टन, आणि तेही बहुतांश दक्षिण आफ्रिकेत प्लॅटिनम काढताना हाती लागलेले. दुसरी, जुनी पद्धत म्हणजे तीव्र दाहक पोटॅशमध्ये निकेलची अग्रे वापरणे. ती स्वस्त आहे आणि चांगली चालते. आपल्याकडे पंजाबात नांगल येथे भाक्रा धरणाच्या विजेवर पाणी फोडून खत करीत आणि त्याच्याच जोडीला १९६२ मध्ये देशातला पहिला जड पाण्याचा कारखाना सुरू झाला होता. मात्र गरम दाहक पोटॅश ही हाताळायला सोपी वस्तू नव्हे. साध्या, ना आम्ल ना अल्कली अशा पाण्यात, स्वस्त धातूने हे काम का होऊ नये?

खाणीतले भूत

इथे कोबाल्ट येतो. शाळेच्या प्रयोगशाळेत कोबाल्ट क्लोराइडचा निळा कागद असतो. ओल लागली की तो गुलाबी होतो. निळी काच आणि निळी चिनी भांडी यांत कोबाल्टच असतो. ब-१२ या जीवनसत्त्वाच्या मध्यभागी कोबाल्टचाच अणू बसलेला असतो. जर्मनीतल्या खाणकामगारांना चांदीसारखे वाटणारे एक धातुक सापडे. भट्टीत घातले की चांदी तर मिळत नसे, उलट आर्सेनिकचा विषारी धूर निघे. ही खाणीतल्या भुताची करणी म्हणून त्यांनी त्याला भुताचेच नाव, कोबोल्ट, दिले. पुढे १७३५ च्या सुमारास स्वीडनच्या गेओर्ग ब्रांट यांनी त्यातला नवा धातू ओळखला.

भुताला दोन रूपे असतात म्हणतात. कोबाल्टला निदान तीन आहेत. दोन इलेक्ट्रॉन गमावलेला कोबाल्ट सैल वृत्तीचा असतो. तो शेजाऱ्यांना घट्ट धरत नाही आणि पाण्यात सहज विरघळतो. तीन इलेक्ट्रॉन गमावलेला कोबाल्ट मात्र भोवतालच्या ऑक्सिजन अणूंना घट्ट धरून बसतो आणि त्याचा घन थर होतो. आणखी एक इलेक्ट्रॉन काढला, की चौथ्या पायरीवरचा हा कोबाल्ट इतका हावरा होतो की पाण्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतो. ही पायरी-पायरीने चढण्याची सवय चार इलेक्ट्रॉनांच्या कामाला सोयीची आहे.

२००८ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत मॅथ्यू कानन आणि डॅनियल नोसेरा यांनी केलेला प्रयोग एखाद्या शाळेच्या प्रयोगशाळेत शोभेल इतका साधा होता. लिटरभर पाण्यात जेमतेम ३० मिलिग्रॅम कोबाल्ट येईल इतका विरळ विद्राव त्यांनी घेतला. त्यात पोटॅशियम फॉस्फेट होते आणि पाणी उदासीन, म्हणजे पीएच ७ चे होते. वीजवाहक लेप दिलेली काच धन अग्र म्हणून त्यात बुडवली. ही काच एरवी पाणी फोडण्याच्या कामी अगदी निरुपयोगी असते. दाब दिला, आणि काचेवर हळूहळू काळसर हिरवा थर धरू लागला. थर जाड होत गेला तसा प्रवाह वाढला आणि बुडबुडे येऊ लागले. उत्प्रेरक आधी करून मग अग्राला चिकटवला असे झालेच नाही. तो विद्रावातून आपला आपण जमला. सैल कोबाल्टने काचेपाशी एक इलेक्ट्रॉन गमावला, तो घट्ट झाला आणि तिथेच बसला. हिशेबी दाबाहून सुमारे ०.४ व्होल्ट जादा दिला की दर चौरस सेंटिमीटरला एक मिलिअँपिअर प्रवाह मिळत होता.

त्या थराच्या आत कोबाल्टचा प्रत्येक अणू सहा ऑक्सिजन अणूंच्या घेऱ्यात असतो आणि हे घेरे कडेला कड लावून लहान लहान चकत्या बनवतात, हे पुढे क्ष-किरणांनी दिसले. फॉस्फेटचे काम हमालाचे. पाण्यातून सुटलेले प्रोटॉन ते लगोलग उचलून दूर नेते. नाही तर अग्रापाशी आम्ल साचून कोबाल्ट विरघळून गेला असता.

आता तो ‘निदान’ शब्द आठवा. कोबाल्टचा थर खर्च होतो की नाही? नोसेरा यांच्या गटाने २००९ मध्ये याचा छडा लावण्यासाठी किरणोत्सर्गी कोबाल्ट वापरला. कोबाल्ट-५७ हा समस्थानिक रासायनिक गुणांत साध्या कोबाल्टसारखाच असतो, पण तो कुठे गेला हे उपकरणाने शोधता येते. चोराच्या पायाला हळद लावून ठेवावी तसे. असे थर दिलेली दोन अग्रे कोबाल्ट नसलेल्या फॉस्फेट विद्रावात ठेवली. एकाला विद्युत् दाब दिला, दुसऱ्याला दिला नाही. दाब नसलेल्या अग्रावरून कोबाल्ट हळूहळू सुटून पाण्यात आला. दाब असलेल्या अग्राभोवती मात्र पाण्यात कोबाल्ट जवळजवळ नव्हताच. मग दुसऱ्यालाही दाब दिला, आणि पाण्यात गेलेला कोबाल्ट परत थरावर येऊन बसला!

म्हणजे थर सुटतो, पण सुटलेला तुकडा पाण्यात पुन्हा फॉस्फेटच्या सोबतीने अग्रापाशी येतो, इलेक्ट्रॉन गमावतो आणि घट्ट होऊन जागा घेतो. पानात जे काम पेशीची सगळी यंत्रणा करते ते इथे एका पेल्यात घडते. हे नेहमीच जमेल असे मात्र नाही. अट अशी, की थर जमायला लागणारा दाब पाणी फोडायला लागणाऱ्या दाबापेक्षा कमी असला पाहिजे. तसे असेल तर यंत्र चालू असेपर्यंत दुरुस्ती आपोआप चालू राहते, कारण कामाचा दाब दुरुस्तीला नेहमीच पुरून उरतो. कोबाल्ट आणि फॉस्फेटच्या जोडीत हे गणित बसते. मला विचाराल तर या सगळ्या कथेतला मोठा शोध हाच. प्रसिद्धी मात्र पुढच्या गोष्टीला मिळाली.

पुढची गोष्ट म्हणजे २०११ चे ‘कृत्रिम पान’. सिलिकॉनच्या सौर पत्रीच्या एका बाजूला कोबाल्टचा थर आणि दुसऱ्या बाजूला निकेल, मॉलिब्डेनम व जस्त यांच्या मिश्रधातूचा थर देऊन ती पाण्यात सोडली. तारा नाहीत, सेल नाही. ऊन पडले की एका बाजूने ऑक्सिजन आणि दुसऱ्या बाजूने हायड्रोजन. वर्तमानपत्रांनी उचलून धरले यात नवल नाही. पण आपण हिशेब करू. या पानात उन्हाच्या ऊर्जेपैकी २.५ टक्के हायड्रोजनमध्ये उतरत होती. भर उन्हात एका चौरस मीटरवर सुमारे १,००० वॅट पडतात. त्यातले २५ वॅट कामी आले. असे पाच तास कडक ऊन धरले तर एक किलो हायड्रोजनसाठी २६० चौरस मीटर पाने पसरावी लागतील, म्हणजे बॅडमिंटनच्या तीन मैदानांहून थोडी जास्तच. शिवाय एवढ्या पसाऱ्यावरून वायू गोळा करायचा आणि स्फोट होऊ नये म्हणून तो ऑक्सिजनपासून वेगळा ठेवायचा. इकडे साधे सौर पत्रे भराभर स्वस्त झाले. गच्चीवर पत्रा आणि खाली वेगळे विघटन यंत्र ही जोडी परवडू लागली. नोसेरा यांची सन कॅटॅलिटिक्स ही कंपनी पानाचे काम बाजूला ठेवून वीज साठवणाऱ्या घटांकडे वळली आणि २०१४ मध्ये लॉकहीड मार्टिनने ती घेतली. कृत्रिम पान बाजारात आले नाही. त्यातले तत्त्व मात्र प्रयोगशाळांतून टिकले.

भारतातही या धातूवर काम झाले आहे. बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात चिं. ना. रा. राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये कोबाल्ट व मँगॅनीज यांच्या निरनिराळ्या ऑक्साइडांची तुलना केली. तीन इलेक्ट्रॉन गमावलेला अणू असला म्हणजे झाले असे नसून, त्याच्या बाहेरच्या विशिष्ट कक्षांत नेमका एक इलेक्ट्रॉन असावा लागतो, असे त्यांना दिसले. एकाच कोबाल्टचे एक ऑक्साइड तरबेज आणि दुसरे मठ्ठ का, याचे उत्तर त्यातून मिळते. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मंजुरी दिली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हायड्रोजन हे त्याचे उद्दिष्ट आहे. वरच्या २.७ युनिटांना ५० लाख टनांनी गुणून पाहा, म्हणजे ०.१ व्होल्टचे वजन कळेल.

कोबाल्ट स्वस्त म्हणायचा तो इरिडियमच्या तुलनेत. जगात खणल्या जाणाऱ्या कोबाल्टपैकी दोन-तृतीयांशाहून अधिक एकट्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकातून येतो आणि तिथल्या काही खाणींत माणसे, लहान मुलेसुद्धा, हातांनी धोकादायक काम करतात. मागणी मुख्यतः विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या व मोबाइलच्या बॅटऱ्यांची आहे. उत्प्रेरकाला लागतो तो केसापेक्षा किती तरी पातळ थर. तरीही धातू कुठून येतो हे रसायनशास्त्रज्ञाने विचारायलाच हवे.

खरी अडचण वेगात आहे. २००८ च्या थराचा प्रवाह चौरस सेंटिमीटरला एक मिलिअँपिअर होता. आम्लयुक्त पटलाच्या कारखानी यंत्रांत तो हजार पटींनी जास्त असतो, आणि आम्लात कोबाल्ट भराभर विरघळतो. म्हणून आता तीच दुरुस्तीची युक्ती आम्लात आजमावली जात आहे. ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये कोबाल्ट, लोखंड आणि शिसे यांचे मिश्र ऑक्साइड आम्लात ८० अंश सेल्सिअसपर्यंत चालवून दाखवले. विद्रावात या धातूंचे आयन ठेवले की विरघळलेला भाग परत जमत राहतो. पण पटलाच्या यंत्रात शुद्ध पाणी लागते. पाण्यातले धातूंचे आयन पटलात शिरून ते खराब करतात. दुरुस्तीला धातू पाण्यात हवा आणि पटलाला तो नको. हे भांडण अजून मिटलेले नाही.